न्याहारीची प्रथिनयुक्त धिरडी आणि पॅनकेक : प्रमाण, तवा आणि हिशेब

मधुरा_नाशिक

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी सकाळी पोहे, उपमा, कधी आंबोळ्या, कधी आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्याविषयी कोणाची फारशी तक्रारही नव्हती. यजमानांनी व्यायामशाळेत जायला सुरुवात केल्यापासून मात्र न्याहारीत प्रथिने किती, हा प्रश्न रोज ताटाशी येऊन बसतो. त्यांनी बाजारातून ‘प्रोटीन पॅनकेक’चे तयार पीठ आणले, ते महाग तर होतेच, शिवाय अति गोड लागले, आणि दुसऱ्या घासापासूनच चामट वाटू लागले. त्यानंतर त्यांच्या डब्यातली व्हे प्रोटीनची (दूध नासवल्यावर उरणाऱ्या निवळीतल्या प्रथिनांची) पूड कणकेत मिसळून घरी करून पाहिले, तेव्हा पॅनकेक वरून करपले आणि आतून कोरडे राहिले. मुगाच्या डाळीची धिरडी चवीला सगळ्यांना आवडतात, पण पहिली एक-दोन तव्याला हमखास चिकटतात आणि उलटताना तुकडे होतात.

घरात चौघे आहोत. सासूबाई अंडे खात नाहीत आणि त्यांना जड पदार्थ सकाळी सोसत नाहीत. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला गोड पॅनकेक हवे असतात. सकाळी माझ्याकडे जेमतेम अर्धा तास असतो. अशा परिस्थितीत घरच्या सामानात, पूड विकत न आणता, खऱ्या अर्थाने पौष्टिक आणि प्रथिनांनी भरलेली धिरडी किंवा पॅनकेक करायचे तर प्रमाण काय ठेवावे? एका ताटात प्रत्यक्ष किती प्रथिने पडतात याचा अंदाज कसा बांधायचा? सोयाबीनचे पीठ घालावे का, आणि मोड आलेल्या मुगाची धिरडी केल्यास प्रथिने वाढतात असे म्हणतात, ते कितपत खरे, हेही जाणकारांनी सांगावे.

हिशेबी

मधुराताई, कृतीचे जाणकार इथे माझ्यापेक्षा पुष्कळ आहेत, म्हणून मी फक्त हिशेबाचा भाग घेतो, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आणि आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशींप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 65 किलोच्या पुरुषाला सुमारे 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम. हा आकडा आहारातील प्रथिनांचा दर्जा चांगला आहे असे धरून दिलेला आहे. जेवण बहुतांशी भात-पोळीवरच असेल, तर किलोमागे 1 ग्रॅम धरणे शहाणपणाचे. जोरकस व्यायाम करणाऱ्याला याहून जास्त लागते, पण तेही सगळे न्याहारीतच कोंबायचे कारण नाही. सकाळच्या ताटात 15 ते 20 ग्रॅम आले, तर दिवसाचा एक-तृतीयांश वाटा निघाला असे समजावे.

आता पोह्यांकडे पाहा. 60 ग्रॅम कोरडे पोहे घेतले तर त्यांत साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि मूठभर शेंगदाण्यांमुळे ती सात-आठ ग्रॅमपर्यंत जातात. उपम्याची गत त्याहून फार वेगळी नाही. याउलट मूगडाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात, मसूरडाळीत तितकीच, उडीदडाळीत 23, हरभराडाळ आणि बेसनात साधारण 21 ते 22, कुळथातही जवळपास तितकीच. तांदळात हाच आकडा 8 च्या खाली राहतो, नाचणीत 7, ज्वारीत 10, कणकेत साडेदहा आणि ओट्समध्ये 13 च्या आसपास. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम आहे यात वाद नाही, पण ‘प्रथिनांसाठी नाचणीचे पॅनकेक’ असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

हे सगळे आकडे कोरड्या, कच्च्या वजनाचे आहेत, आणि हिशेबाची किल्ली तीच आहे. पीठ किती पातळ केले, धिरडी किती झाली, ती जाड की जाळीदार, याने प्रथिनांत तसूभरही फरक पडत नाही. भांड्यात कोरडे काय आणि किती गेले ते एकदा वजनकाट्यावर मोजा, प्रथिनांची बेरीज करा आणि तिला धिरड्यांच्या संख्येने भागा. समजा, 200 ग्रॅम मूगडाळ आणि 50 ग्रॅम तांदूळ घेतले, तर 48 अधिक 4 अशी 52 ग्रॅम प्रथिने झाली. त्यांची मध्यम आकाराची 12 धिरडी निघाली, तर एका धिरड्यात सव्वाचार ग्रॅम. तीन खाल्ली तर 13 ग्रॅम. सोबत वाटीभर, म्हणजे 100 ग्रॅम दही घेतले तर आणखी तीन, आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी घेतली तर तीन-साडेतीन. ताट 19 ग्रॅमवर आले, पुडीची गरज कुठेच पडली नाही. यजमानांच्या धिरड्यात 30 ग्रॅम पनीर किसून घातले तर त्यांचे ताट 25 ग्रॅमच्या घरात जाते.

तयार पिठाच्या पुड्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो पुष्कळदा दूध किंवा अंडी घालून केलेल्या ‘एका सर्व्हिंग’चा असतो. पाठीमागच्या तक्त्यातील 100 ग्रॅमचा रकाना वाचावा आणि घटकांची यादी पाहावी. त्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन नावांत साखर दिसली तर पुडा परत फळीवर ठेवणे उत्तम.

घावनवाली

हिशेबी यांनी आकडे चोख मांडले आहेत. मी तव्याचे सांगते, कारण ताटात 13 ग्रॅम पडण्याआधी धिरडे तव्यावरून सुटले पाहिजे.

मधुराताई, तुमची धिरडी चिकटतात याची दोन कारणे असण्याचा संभव आहे. पहिले असे, की नुसत्या डाळीच्या पिठात प्रथिने भरपूर असतात आणि तापलेल्या धातूला तीच धरून बसतात. थोडे तांदूळ वाटणात असले की कडा कुरकुरीत होतात आणि धिरडे आपणहून सुटते. म्हणून चार भाग डाळीला एक भाग तांदूळ घालावेच. शुद्ध प्रथिनांच्या हट्टापायी ते काढून टाकू नयेत. तसेही भात आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी मेथिओनिन डाळींत कमी असते, लायसिन तांदळात कमी असते, आणि दोन्ही एकत्र आले की शरीराला मिळणाऱ्या प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

दुसरे कारण तवा. आमच्या मालवणकडे घावनांचा बिडाचा तवा वेगळा ठेवतात आणि त्यावर पोळी किंवा मासे भाजू देत नाहीत, कारण पोळीचे कोरडे पीठ आणि माशांचा मसाला तव्यावरचा तेलाचा मुरलेला थर खराब करतात. तुमच्याकडे बिडाचा तवा असेल तर तो फक्त धिरडी-डोशांसाठी राखून ठेवा, साबणाने घासू नका, धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवा. तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्यावा आणि पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहावे. थेंब चर्रकन उडाले पाहिजेत. मात्र त्याच क्षणी पीठ घालू नये, कारण इतक्या तापलेल्या तव्यावर पीठ जागीच गोळा होते आणि पसरत नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवावा, आच मंद करावी, आणि मग मध्ये पळीभर पीठ ओतून आतून बाहेर गोल पसरावे. पसरून झाले की आच पुन्हा मध्यम करावी, कडेने अर्धा चमचा तेल सोडावे आणि मिनिटभर झाकण ठेवावे. झाकण काढल्यावर वरचा ओलसरपणा गेलेला असतो आणि कडा तांबूस होऊन किंचित उचललेल्या दिसतात. त्या कडा दिसेपर्यंत उलथने लावायचेच नाही. घाई करणाऱ्याचे धिरडे फाटते, तवा कितीही चांगला असो.

वाटणाविषयी. मूगडाळ आणि तांदूळ रात्री एकत्र धुऊन भिजत घालावेत. डाळीला खरे तर दोन-तीन तास पुरतात, पण तुम्हाला सकाळी वेळ नाही. उन्हाळ्यात भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर नाशिकच्या मे महिन्यात सकाळपर्यंत पाण्याला फेस आणि वास येतो. सकाळी पाणी काढून टाकावे, आल्याचा इंचभर तुकडा, दोन हिरव्या मिरच्या, जिरे, हिंग आणि मीठ घालून आधी थोड्या पाण्यातच वाटावे. सुरुवातीला पाणी जास्त झाले की डाळ मिक्सरच्या पात्याखाली नुसती फिरत राहते आणि रवाळ राहते. बारीक वाटल्यावर मग पाणी वाढवून पीठ पळीवरून सलग धारेने पडेल इतपत करावे. पिठात घालायची कोथिंबीर, किसलेले गाजर, बारीक चिरलेली मेथी किंवा पालक अगदी शेवटी घालावे, कारण भाज्यांना मिठामुळे पाणी सुटते आणि पाचव्या धिरड्यापर्यंत पीठ पातळ होऊन बसते. कांदा पिठात घालण्यापेक्षा तव्यावर पसरलेल्या धिरड्यावर भुरभुरावा आणि उलथन्याने हलकेच दाबावा.

ज्या दिवशी डाळ भिजवायची राहून गेली असेल त्या दिवसासाठी बेसन आहेच. दोन वाट्या बेसनाला अर्धी वाटी ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ, ओवा हातावर चोळून, हळद, तिखट, मीठ आणि आंबट ताक. भिजवल्यावर पंधरा-वीस मिनिटे पीठ मुरू द्यावे. तोवर चटणी होते, मुलीची वेणी होते. बेसन नीट भिजले नाही तर धिरड्याला कच्चट वास राहतो आणि सासूबाईंसारख्या नाजूक पोटाच्या माणसाला ते बाधते. त्यांच्यासाठी मूगडाळच बरी. उडीद आणि हरभरा सकाळी त्यांना देऊ नका.

आंध्रातील पेसरट्टूही याच जातकुळीचे, फक्त तिथे सालासकट अख्खे हिरवे मूग वापरतात आणि ते रात्रभर भिजवावे लागतात. सालामुळे तंतुमय भाग वाढतो, धिरड्याला हिरवट रंग येतो आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते. तमिळनाडूच्या अडईत तर तूर, हरभरा, उडीद अशा डाळींबरोबर तांदूळ जाडसर वाटतात. ती जाड असते आणि मध्ये भोक पाडून तेल सोडतात. सुट्टीच्या दिवशी करून पाहायला हरकत नाही, पण अर्ध्या तासात नव्हे.

राइनकाठचा

मी जर्मनीत राहतो आणि गोड पॅनकेकची बाजू मांडतो, कारण मुलीचा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही.

आधी व्हेच्या पुडीविषयी. व्हेतील प्रथिने साधारण 70 ते 80 अंशांच्या दरम्यान गोठू लागतात आणि गोठताना पाणी बाहेर टाकतात. अंड्याचा पांढरा भाग जास्त शिजला की रबरासारखा होतो, तोच प्रकार इथे घडतो. कणकेला निदान पिष्ट आणि ग्लुटेनचा (गव्हातल्या चिवट प्रथिनांचा) आधार असतो. पूड निम्म्याहून जास्त झाली की तो आधार उरत नाही आणि पॅनकेक कोरडा, चामट होतो. शिवाय पुडीतली प्रथिने आणि दुधातली साखर यांमुळे पॅनकेक वरून लवकर लाल होतो. यजमानांना पूड वापरायचीच असेल तर एकूण कोरड्या पिठाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये, सोबत केळे किंवा दही घालावे, आच मंद ठेवावी आणि मध्यभाग जरा ओलसर असतानाच तव्यावरून काढावा. याहून सोपा उपाय असा, की पूड दुधात घालून त्यांनी पिऊन टाकावी आणि पॅनकेकला सुखाने पॅनकेक राहू द्यावे.

अंडे खाणाऱ्यांसाठी माझे नेहमीचे प्रमाण एका माणसाचे असे आहे : दोन अंडी, 40 ग्रॅम ओट्सची मिक्सरमधून काढलेली पूड, अर्धे पिकलेले केळे आणि 100 ग्रॅम क्वार्क. क्वार्क म्हणजे इथला दुधाचा घट्ट, आंबटसर पदार्थ, साय काढलेल्या दुधाचा असेल तर 100 ग्रॅमला 12 ग्रॅम प्रथिने. अंड्यांची बारा-तेरा आणि ओट्सची पाच धरली तर एकट्या माणसाच्या ताटात 30 ग्रॅमच्या आसपास होतात, त्यामुळे मुलीसाठी याच्या निम्मे पुरे. नाशिकला क्वार्क शोधत बसू नका, घरी दही टांगून केलेला चक्का चालतो. त्यात प्रथिने थोडी कमी आणि स्निग्धांश थोडा जास्त असतो एवढाच फरक. दही रात्री फ्रिजमध्येच टांगावे आणि निथळलेले पाणी फेकू नये, ते सकाळी धिरड्यांच्या पिठात वापरता येते.

हे पीठ दहा मिनिटे ठेवले की ओट्स पाणी पितात आणि ते पळीवरून सावकाश घरंगळण्याइतके दाट होते. पॅनकेक तळहाताएवढेच घालावेत. यात मैद्याची चिवट बांधणी नसल्यामुळे मोठे पॅनकेक उलटताना मोडतात. वर बुडबुडे येऊन फुटू लागले आणि फुटलेली भोके तशीच राहिली, म्हणजे उलटायची वेळ झाली.

फुगण्यासाठी सोडा आणि बेकिंग पावडर यांत गल्लत करू नये. खाण्याच्या सोड्याला आंबट काहीतरी लागते, दही किंवा ताक, आणि दोन्ही एकत्र आल्याबरोबर बुडबुडे सुटायला लागतात, म्हणून सोडा तवा तापल्यावर सर्वांत शेवटी घालावा. 150 ग्रॅम पिठाला पाव छोटा चमचा पुरतो. आंबटपणा नसलेल्या पिठात सोडा पडला तर चवीला साबणासारखा लागतो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच असते, त्यामुळे दुधातल्या पिठाला तीच योग्य.

आमच्या इमारतीत एक युक्रेनी कुटुंब राहते आणि त्यांच्याकडे रविवारी सकाळी सिर्निकी करतात. तुम्ही जे विचारता आहात ते त्या लोकांच्या स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्यावर कोणी ‘हाय प्रोटीन’ अशी चिठ्ठी लावलेली नाही. दुधाचा नासवून निथळलेला घट्ट गोळा, एक अंडे, बांधणीपुरते दोन चमचे पीठ किंवा रवा, किंचित साखर आणि मीठ, असे मळून जाड चपट्या टिक्क्या करतात आणि मंद आचेवर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. आपल्याकडचे ताजे, मऊ पनीर हाताने चांगले मळून घेतले तर अगदी जवळचा पदार्थ होतो. 100 ग्रॅम पनीरमध्ये 18-19 ग्रॅम प्रथिने असतात, पण स्निग्धांशही भरपूर असतो, म्हणून तीन टिक्क्यांवर थांबावे.

बिनअंड्याच्या गोड पॅनकेकसाठी मी घरच्यांना सुचवलेला प्रकार असा : 50 ग्रॅम पंढरपुरी डाळ्यांची पूड, 50 ग्रॅम कणीक, 150 मिलिलिटर दूध, एक केळे, वेलची आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. डाळे आधीच भाजलेले असल्यामुळे बेसनाचा कच्चा वास येत नाही आणि गोडात ते शोभून दिसते. सगळी मिळून 20-21 ग्रॅम प्रथिने होतात आणि दोघींना पुरते. गूळ घालायचा असेल तर तो थोड्या पाण्यात विरघळवून, थंड करून घालावा. गरम दुधात घातला तर दूध फाटते.

मराठवाडी

वरील सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, पण सोयाबीन आणि मोड या दोन प्रश्नांना कोणी हात लावला नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग पाहत वाढलेल्या माणसाने तरी तो विषय सोडू नये.

सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला 36 ते 38 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे डाळींच्या दीडपट. म्हणूनच लोक उत्साहाने ते भिजवून, कच्चे वाटून धिरड्यांत घालतात, आणि इथेच चुकतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते चांगल्या उष्णतेनेच निष्प्रभ होतात. तव्यावरची दोन मिनिटे त्याला भरवशाची नाहीत. शिवाय कच्चे सोयाबीन पाण्यात वाटले की तो ओळखीचा हिरवट, उग्र वास सुटतो आणि मग घरातली माणसे धिरड्याला नाके मुरडतात. भिजवलेले सोयाबीन कुकरमध्ये शिजवून मग वाटावे, किंवा भाजून गव्हाबरोबर गिरणीतून दळून आणावे, नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन. त्या कणकेची गुळाची धिरडी मुलीला आवडतील असे वाटते.

राजम्याबद्दल मात्र ठामपणे सांगतो. ‘बहुडाळी डोसा’ या नावाखाली भिजवलेला कच्चा राजमा वाटून घालण्याच्या कृती फिरत असतात. कच्च्या राजम्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात, आणि तो खळखळून उकळून पूर्ण शिजवल्याशिवाय पोटात जाता कामा नये. धिरड्याच्या पिठात त्याचे काम नाही.

मोडांविषयी असे, की मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. 100 ग्रॅम मूग भिजून मोड येईपर्यंत दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम होतात, ते पाण्याने. प्रथिने होती तेवढीच राहतात, उलट वाटीभर मोडांत ती वाटीभर कोरड्या मुगांपेक्षा कितीतरी कमी भरतात. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते आणि पचन सोपे होते, हे लाभ खरे आहेत. पीठ आंबवण्याचेही तसेच. त्याने पदार्थ हलका होतो आणि धान्यातील लोह शरीराला अधिक मिळू शकते, पण प्रथिनांचा आकडा रात्रीतून चढत नाही. लिंबू पिळलेली कोथिंबिरीची चटणी सोबत असली तर लोहाच्या दृष्टीने तीही कामाची आहे.

एक सावधगिरी. घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्या व्यक्तीचे प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे, इथल्या कोणत्याही आकड्यावरून नव्हे.

मधुरा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास नाही, केवळ वात होतो, त्यामुळे त्यांच्यासाठी मूगडाळ, हिंग आणि आले हेच ठरवते. घावनवालीताई, तांदूळ न घालता डाळच वाटत होते, कारण यजमानांनी भात कमी करायला सांगितले होते. आता चारास एक घालीन. आणखी दोन गोष्टी विचारते. वाटलेले पीठ फ्रिजमध्ये किती दिवस टिकते, आणि मुलीच्या डब्यात धिरडी दिली तर मधल्या सुट्टीपर्यंत ती वातड होतात, त्यावर काही उपाय आहे का?

घावनवाली

पीठ मीठ न घालता, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर दोन दिवस चांगले राहते. तिसऱ्या दिवशी वास पाहून ठरवावे लागते आणि मुगाचे पीठ तोवर बहुधा आंबलेले असते, म्हणून तो हिशेब ठेवूच नका. मीठ, आले-मिरची आणि भाज्या लागेल तेवढ्याच पिठात रोजच्या रोज घालाव्यात. फ्रिजमधले पीठ थेट तव्यावर घालू नये. ते गार आणि दाट झालेले असते. तवा तापेपर्यंत बाहेर ठेवून, दोन-तीन चमचे पाणी घालून ढवळावे.

डब्यासाठी धिरडी लगेच खायच्या धिरड्यांपेक्षा किंचित जाड घालावीत आणि वाटणात दोन चमचे दही किंवा पाव वाटी भिजवलेले पोहे टाकावेत, त्याने मऊपणा टिकतो. भाजल्यावर ताटात एकावर एक रचू नयेत. वाफ कोंडून खालची ओली आणि चिवट होतात. जाळीवर किंवा सुती फडक्यावर पूर्ण निवू द्यावीत आणि मगच डब्यात भरावीत. किसलेले पनीर, थोडी मिरपूड आणि डाळ्याची कोरडी चटणी मध्ये घालून घट्ट सुरळी केली, तर मुलांना हातात धरून खाता येते आणि डब्यात तेलही उतरत नाही. दही वेगळ्या डबीत द्यायचे असेल तर उन्हाळ्यात टाळा, त्याऐवजी शेंगदाण्याची चटणी द्या.

हिशेबी

या सुरळीचा हिशेब राहिला होता, तो देऊन टाकतो. दोन धिरडी, 25 ग्रॅम पनीर आणि चमचाभर चटणी मिळून डब्यात 14 ते 15 ग्रॅम प्रथिने होतात. मुलीने सकाळी घरी राइनकाठचा यांच्या डाळ्याच्या गोड पॅनकेकचा निम्मा वाटा खाल्ला असेल, तर ते आणखी दहा ग्रॅम. दुपारच्या वरण-भाताला आणि रात्रीच्या उसळीला मग फारसे ओझे उरत नाही, त्यामुळे डब्यात एखादे धिरडे उरून आले तर तिला ओरडू नका.